फ्रायबर्गची खनिकर्म अकादमी : खाण आणि ज्ञानपरंपरा

प्रस्तावना :
जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्ग येथे इ.स. ११६८ मध्ये चांदी सापडली आणि त्यातून एक समृद्ध खाणनगर उदयास आले. खाणीचे आयुष्य मर्यादित असते. तिच्या आधाराने उभी राहिलेली शिक्षणसंस्था खाणीनंतर कशी टिकते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी :
सप्तवार्षिक युद्धाने (१७५६-६३) सॅक्सनीची आर्थिक घडी पूर्णतः विस्कटली. ती सावरण्यासाठी खाणींचे उत्पन्न वाढविणे अपरिहार्य होते. हाइनित्स व ओप्पेल या अधिकाऱ्यांच्या योजनेनुसार १७६५ मध्ये अकादमीची स्थापना झाली. पिढीजात अनुभवाला शास्त्रीय शिक्षणाची जोड मिळाली. पराभूत राज्याने ज्ञानात केलेली ही गुंतवणूक होती.

वेर्नर यांचे कार्य :
आब्राहाम गोट्लोप वेर्नर यांनी १७७५ पासून १८१७ मधील मृत्यूपर्यंत येथे अध्यापन केले. बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, सागराच्या पाण्यातून निक्षेपित झाला, असे त्यांचे मत होते. ते पुढे चुकीचे ठरले. विशेष म्हणजे हुंबोल्ट व लिओपोल्ट फॉन बुख या त्यांच्याच शिष्यांनी ज्वालामुखींच्या प्रत्यक्ष अभ्यासानंतर ते सोडून दिले. गुरूचा सिद्धान्त मागे पडला. निरीक्षणाची शिस्त मात्र टिकली. दुसरे विद्यार्थी फाउस्तो एल्युयार यांनी ती परंपरा मेक्सिकोत नेली. तेथील खनिकर्म विद्यालय १७९२ मध्ये त्यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाले.

मूलद्रव्यांचे शोध :
१८६३ मध्ये राइख व रिख्टर यांनी येथे इंडियमचा शोध लावला. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंक्लर परिसरातील खाणीत सापडलेल्या नव्या खनिजाचे पृथक्करण करीत असता घटकांची बेरीज दर वेळी सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरे. ही तूट दुर्लक्षित न केल्यामुळेच जर्मेनियम हाती आले. मेंडेलेव्ह यांनी १८७१ मध्ये वर्तविलेले मूलद्रव्य ते हेच. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच होता.

निष्कर्ष :
चांदीचे खाणकाम १९१३ मध्ये थांबले. पुढे शिसे व जस्तासाठी चाललेले कामही १९६९ मध्ये संपले. अकादमी मात्र तांत्रिक विद्यापीठ म्हणून कार्यरत आहे आणि ‘राइखे त्सेखे’ ही जुनी खाण तिची अध्यापन व संशोधनाची प्रयोगशाळा आहे. स्थानिक उद्योगाशी जोडलेल्या संस्थेने केवळ त्या उद्योगाचे मनुष्यबळ पुरविले, तर ती उद्योगाबरोबरच संपते. त्या उद्योगातून उद्भवणारे प्रश्न तिने आपले मानले, तरच ती त्यानंतरही टिकते, असे फ्रायबर्गच्या इतिहासावरून म्हणता येईल.