उजेडाला मिळालेली वाट

काही सिंथेसायझरांच्या पाठीमागे एक लहानसे चौकोनी भोक असते. यंत्र चालू केले की त्यातून तांबडा उजेड डोकावतो. एका बारीक दोरीचे टोक त्या भोकात बसवावे आणि दुसरे टोक ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे संगणकापर्यंत आवाज पोचवणाऱ्या पेटीत, खोचावे. मग आपण पट्टीवर दाबलेला सा उजेडाच्या रूपाने पलीकडे जातो. त्या दोरीत ना तांबे, ना वीज. दिवाळी अंकांतून दिव्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला या एका दिव्याची, आणि विशेषतः त्याला मिळालेल्या वाटेची हकीगत सांगावीशी वाटते.

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८० साली वॉशिंग्टन शहरात उन्हावरून बोलणे धाडले. त्याचा सहकारी चार्ल्स टेंटर एका शाळेच्या गच्चीवर उभा राहून बोलला. त्याच्या आवाजाने एक पातळ आरसा थरथरला, आरशावरून निघालेली उन्हाची तिरीपही तशीच थरथरली आणि २१३ मीटरवर बसलेल्या बेलच्या कानी शब्द पडले. प्रकाश पडला की सेलेनियम या द्रव्यातून वीज अधिक सहज वाहते, या गुणाचा त्याने उपयोग केला होता. या फोटोफोनला बेल आपला सर्वांत थोर शोध मानी. नवजात मुलीचे नावही ‘फोटोफोन’ ठेवण्याचा त्याचा विचार होता म्हणतात. ते ठेवले गेले नाही, हे त्या लेकीचे भाग्यच! परंतु ढग आला, धुके पडले की बोलणे थांबे. दिवा होता, वाट नव्हती.

गंमत अशी की, वाटेची खूण बेलच्या आधीच सापडली होती. जिनीव्हाच्या कोलादों याने १८४१ च्या सुमारास भरल्या टाकीत उजेड सोडून भोकातून बाहेर पडणारी पाण्याची धार दाखवली. धार वाकली, तसा उजेडही तिच्याबरोबर वाकला! पाण्यातून फार तिरपा बाहेर पडू पाहणारा किरण काठावरूनच आत परततो, आणि असा आपटत आपटत पुढे जातो. लंडनमध्ये टिंडॉलने १८५४ साली हाच खेळ श्रोत्यांना दाखवला. पुढे पाण्याच्या जागी काचेचा तंतू आला. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याची रीत प्रसिद्ध केली.

तरीही वाट तोकडीच होती. थोड्या अंतरात उजेड विझे. १९६६ साली चार्ल्स काव आणि हॉकहॅम यांनी सांगितले की, दोष काचेच्या जातीचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उजेड उरला, तरी काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी तशी काच करून दाखवली. काव यांना नोबेल मिळाले ते २००९ साली.

संगीताला एवढी लांब वाट नको होती. खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत पुरे. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात आवाज सेकंदाला ४४,१०० मोजमापांच्या रूपात साठवलेला असतो. ते आकडे उजेडाच्या उघडझापीने नेण्यासाठी तोशिबाने १९८३ साली ‘टॉसलिंक’ आणली. तिचा तंतू बहुधा प्लास्टिकचा आणि जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. पुढे अलेसिस कंपनीने तशाच दोरीतून एकदम आठ आवाज नेणारी ‘एडॅट’ पद्धत काढली आणि १९९३ च्या आपल्या क्वाड्रासिंथ या वाद्याला तिचे भोक ठेवले.

या खटाटोपाचा लाभ कानाला तात्काळ कळतो. वाद्य आणि संगणक दोन्ही घरच्या विजेवर चालतात. त्यांना धातूच्या तारेने जोडले की कित्येकदा विजेला भलताच फेरा मिळतो आणि गाण्यामागे भुंग्यासारखी ५० हर्ट्झची घूं घूं सुरू होते. उजेडाच्या दोरीवरून तो भुंगा येऊ शकत नाही.

मात्र वाट झाली म्हणजे सगळे झाले, असे नाही. टॉसलिंकचे दोन आवाज आणि एडॅटचे आठ एकाच आकाराच्या भोकातून जातात, पण त्यांची भाषा निराळी. वाद्य एक भाषा बोलते आणि पेटी दुसरीची वाट पाहते, असे झाले तर उजेड दिसूनही गाणे मुके राहते. शिवाय दोन्ही यंत्रांची लय एक हवी. वाद्य सेकंदाला ४८,००० आकडे पाठवत असेल, तर पेटीनेही त्याच घड्याळावर चालावे लागते. प्रत्येकाने आपापला ताल धरला, तर मध्येच टिकटिक उमटते. म्हणून पेटीला सांगावे लागते : ‘घड्याळ त्याचे, तू मागून चाल.’ मैफलीत बसलेल्याला याचे नवल वाटू नये. तबलजी आणि गवई दोघेही तयारीचे असले, तरी सम एकच असावी लागते.

बेलच्या गच्चीवर लख्ख ऊन होते, सेलेनियम होते, माणसेही मोठी बुद्धिमान होती. तरीही त्याचा सूर खोलीत येऊन स्थिरावला तो शंभर वर्षांनी. काचेतला मळ काढणाऱ्यांनी आणि आकड्यांची भाषा ठरवणाऱ्यांनी आपापले काम पुरे केले तेव्हा. दिवा लावणाऱ्याचे नाव घराघरांत पोचते. वाट स्वच्छ करणाऱ्यांची नावेही सणाच्या दिवशी एकदा घ्यावीत, असे मला वाटते.