पोटातली गुठळी दिसू लागली, त्याची गोष्ट

बाळंतपणानंतर पोट उतरायला हवं, ते उलट वाढतच जातं. उजव्या बरगडीखाली दुखतं, पायांवर सूज येते. घरात म्हणतात, बाळंतिणीचं पोट आहे, पट्टा बांधा. मग कळतं, पोटात पाणी झालंय. कुणी टीबी म्हणतं, कुणी कावीळ. क्वचित यामागे वेगळंच कारण असतं. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी झालेली असते. जिवंतपणी ती ओळखता यायला वैद्यकाला फार काळ लागला. आज तोच इतिहास सांगतो.

लंडनचे डॉक्टर जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये यकृताच्या आजारांवरच्या पुस्तकात या बंद पडलेल्या शिरांबद्दल लिहिलं. १८९९ मध्ये प्रागच्या हान्स कियारी यांनी आजाराचं सविस्तर वर्णन केलं. म्हणून त्याचं नाव बड-कियारी. कियारी शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते. म्हणजे तेव्हा निदान व्हायचं, पण बहुधा माणूस गेल्यावर. पुढे शिरेत औषध सोडून एक्स-रे काढता येऊ लागला, पण ती सोय मोठ्या शहरांतच होती.

१९८० मध्ये चंदीगडचे डॉ. खुरू आणि डॉ. दत्ता यांनी बाळंतपणानंतर हा आजार झालेल्या १६ बायकांची माहिती प्रसिद्ध केली. बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून गरोदरपणी शरीर रक्त लवकर गोठेल अशी तयारी करतं. ती तयारी बाळंतपणानंतरही काही आठवडे टिकते. एरवी तीच आपल्याला वाचवते, क्वचित तीच घात करते.

मग आली डॉपलर सोनोग्राफी. साध्या सोनोग्राफीत यकृत आणि पाणी दिसतं. डॉपलरमध्ये शिरेतून रक्त वाहतंय की अडलंय, तेही कळतं. सुई नाही, चिरफाड नाही. अमरावती-अकोल्यात सोनोग्राफीची खोली आपल्याला ठाऊक आहे ती गरोदरपणामुळे आणि दारावरच्या 'गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीमुळे. १९९४ च्या कायद्यानं ती पाटी आली. पण त्याच तंत्रानं आईच्याही पोटातल्या शिरा बघता येतात, हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

गुठळी होते का, याचंही उत्तर हळूहळू मिळालं. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात रक्त गोठण्यातला एक आनुवंशिक बदल सापडला. त्याला 'फॅक्टर फाइव्ह लायडन' म्हणतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या डॉ. दीपिका मोहंती, डॉ. श्रीमती शेट्टी आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातले रुग्ण तपासले. २००१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की आपल्याकडच्या बड-कियारी रुग्णांतही हा बदल महत्त्वाचं कारण आहे. २००५ मध्ये जॅक-टू नावाचा आणखी एक बदल समजला. तो जन्मजात नसतो, पुढे अस्थिमज्जेत घडतो. म्हणून 'माहेरचं दुखणं घेऊन आली' असं सुनेला म्हणू नका. फॅक्टर फाइव्हचा बदल आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि त्यात कुणाचाच गुन्हा नसतो.

या तपासण्या मुंबई-नागपूरला होतील, पण पहिली शंका इथेच यायला हवी. डफरीनला जा, इर्विनला जा, नाही तर अकोल्याच्या मेडिकल कॉलेजात जा, तीन गोष्टी न विचारता सांगा. बाळंतपण कधी झालं. पाळणा लांबवायच्या किंवा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेता का. घरात कुणाला कमी वयात गुठळी झाली होती का. पोट वाढतंय आणि कारण सापडत नाही, तर विचारा, 'डॉक्टर, शिरांची डॉपलर करायची का?' रक्ताची उलटी झाली किंवा पोट असह्य दुखू लागलं, तर त्याच वेळी दवाखाना गाठा.

लवकर कळलं तर गुठळी वाढू न देणारी औषधं आहेत, अडलेली शीर उघडता येते. कियारींच्या वेळी हे काहीच नव्हतं. आज आहे, फक्त वेळेवर पोचायला हवं.