प्रवरेचे खोरे: कोणी, कसे पाहिले

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथरचनेचा काळ आणि स्थळ सांगितलेले आहे. काळ शके 1212, म्हणजे इ. स. 1290, स्थळ गोदावरीचे दक्षिण तीर. वस्तुतः ग्रंथ जेथे सिद्ध झाला ते नेवासे प्रवरेच्या काठी वसलेले आहे. प्रवरा गोदावरीला मिळते ती तेथून काही अंतर पुढे गेल्यावर, प्रवरासंगम येथे. या तपशिलाकडे आपण सहसा लक्ष देत नाही. ग्रंथकाराच्या दृष्टीने प्रवरेचा काठ हा गोदावरीचाच काठ होता. क्षेत्रमाहात्म्याच्या परंपरेत ते स्वाभाविकच आहे. पण उपनदीला स्वतंत्र मानावे की मोठ्या नदीचा अंश समजावे, हा प्रश्न पुढे सातशे वर्षांनी न्यायालयापर्यंत गेला. त्या दोन टोकांच्या मध्ये या खोऱ्याच्या अभ्यासाचा आणि व्यवस्थापनाचा इतिहास उभा आहे.

प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते. घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नदी संगमनेर ओलांडून नेवाशाकडे येते तेव्हा हे मान पाचशेच्या आसपास उतरलेले असते. जेमतेम दोनशे किलोमीटरच्या प्रवासात नदी ओल्या मुलखातून अवर्षणाच्या मुलखात येते. पाणी जेथे पडते तेथे सपाट जमीन नाही आणि जेथे काळी कसदार जमीन आहे तेथे पाऊस नाही. या खोऱ्यातील प्रत्येक पिढीला याच विसंगतीला उत्तर द्यावे लागले आहे.

सर्वांत जुन्या उत्तराचा शोध पुरातत्त्वज्ञांनी घेतला. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी 1950–51 मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव मिळाले. पाठोपाठ 1954 ते 1956 या काळात नेवाशाचे उत्खनन झाले. तेथे अश्मयुगीन हत्यारांपासून मध्ययुगापर्यंतचे पुरावे हाती आले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला 1974 मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार धातुशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्यानंतर सा. अ. साळी यांनी तेथे केलेल्या उत्खननात एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर उघड झाले.

या शोधांतला आपल्या विषयाशी निगडित भाग वेगळाच आहे. इ. स. पू. 1000 च्या सुमारास प्रवरेच्या काठची बहुतेक जोर्वे गावे ओस पडली. वाढत्या कोरडेपणामुळे शेती टिकेना, हे म. के. ढवळीकर यांनी मांडलेले कारण बरेच मान्य झाले आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात वस्ती आणखी काही शतके टिकली आणि तेथे पाण्याचा पाट व बांध यांचे अवशेषही मिळाले. खोऱ्यात माणूस राहतो तो नदीच्या अटीवर, हा या थरांचा पहिला धडा. अटी बदलल्या की गावे उठतात. नदी आपल्या जागी राहते.

दुसरे उत्तर वसाहतकाळातले. 1876–77 च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले, त्यानंतर 1901–03 च्या सिंचन आयोगाने अवर्षणग्रस्त प्रदेशासाठी संरक्षक सिंचनाचा पुरस्कार केला. भंडारदऱ्याचे दगडी धरण त्या धोरणाचे अपत्य. सुमारे 270 फूट उंचीचे, अकरा टीएमसीच्या आसपास पाणी साठवणारे हे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. धरणातले पाणी नदीपात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून दोन कालव्यांनी शेतात जाते.

अभियंत्याने खोरे पाहिले ते लाभक्षेत्र म्हणून. नकाशावर घाटमाथा हा ‘पाणलोट’, मधला भाग ‘साठा’ आणि खालचा भाग ‘लाभ’ झाला. अकोले तालुक्यातील ज्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या शिवारात पाऊस पडत होता, त्या या तिसऱ्या रकान्यात आल्या नाहीत. शिवाय ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी काढलेल्या कालव्यांवर काही वर्षांतच ऊस उभा राहिला. जिरायतीला आधार देणारे पाणी नगदी पिकाचे भांडवल झाले. काळ्या जमिनीला अतिपाण्याने पाणथळ आणि क्षार यांचे दुखणे जडले, ते वेगळेच.

हे सारे आर्थिक दृष्टीने तपासण्याचे काम धनंजयराव गाडगीळ यांनी केले. गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली आणि तिचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याचे मोल सरकारला मिळणाऱ्या पाणीपट्टीवर ठरवायचे की गावाच्या एकूण उत्पन्नात, रोजगारात आणि व्यापारात पडलेल्या भरीवर, हा त्या अहवालाचा गाभ्याचा प्रश्न होता. विशेष म्हणजे अभ्यासक अहवाल देऊन थांबला नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. कारखान्याचे गाळप 1950 च्या सुमारास सुरू झाले. खोऱ्याचा अभ्यास आणि खोऱ्याची व्यवस्था एका माणसाच्या हाती आल्याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. सहकाराने पाण्याची मालकी बदलली नाही. पण पाण्यातून निघणाऱ्या संपत्तीचा एक वाटा शेतकऱ्याच्या हाती दिला. तो कोणत्या शेतकऱ्याच्या, हा प्रश्न अर्थात शिल्लक राहिला.

तिसरे उत्तर कायद्याचे. पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्याच सुमारास झालेल्या आंतरराज्य करारांनी पैठणपर्यंतचे गोदावरीचे सारे पाणी महाराष्ट्राला मिळाले. परराज्याशी असलेला तंटा मिटला आणि घरातला सुरू झाला. वरच्या बाजूला मुळा, गंगापूर, दारणा आणि भंडारदरा, खाली तहानलेला मराठवाडा. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले, 2013 च्या मेंढेगिरी समितीने त्याचे कोष्टक बांधले आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. 2023 च्या अपुऱ्या पावसानंतर वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. लोणी-संगमनेरच्या शेतकऱ्याला आपले हक्काचे पाणी गेले असे वाटले; पैठणच्या शेतकऱ्याला आपले अडवलेले पाणी मिळाले असे वाटले. दोघेही एकाच नदीविषयी बोलत होते.

याच खोऱ्यात दुसरी कहाणी निळवंड्याची. 1970 मध्ये कल्पना मान्य झालेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर 2023 मध्ये झाले. त्रेपन्न वर्षे! जिरायती गावांच्या दोन पिढ्या कालव्याची वाट पाहत गेल्या. अकोल्याच्या चढावरील जमिनीसाठी उच्चस्तरीय कालव्यांची तरतूद याच प्रकल्पात झाली. पाणलोटालाही लाभात वाटा असावा, हे मान्य व्हायला भंडारदऱ्यानंतर इतका काळ जावा लागला.

मराठीत ‘खोरे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक नदीच्या काठचा सखल प्रदेश. दुसरा ओढून घेण्याचे अवजार. प्रवरेच्या बाबतीत दुसऱ्या अर्थाने पहिल्यावर वारंवार मात केलेली दिसते. पुरातत्त्वज्ञ थर मोजतो, अभियंता साठा, अर्थशास्त्रज्ञ लाभ, न्यायाधीश वाटा. प्रत्येकाचे मोजमाप खरे असते आणि प्रत्येकाच्या खोऱ्याची सीमा वेगळी पडते. सीमा कोठे आखली यावर कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते. म्हणून गाडगिळांनी कालव्याला विचारलेला प्रश्न रतनगडापासून पैठणपर्यंतच्या साऱ्या खोऱ्याला विचारायला हवा: लाभ कोणाला, किती, आणि कोणाच्या बदल्यात? प्रवरेचा काठ हा गोदावरीचाच काठ आहे, हे नेवाशाला 1290 मध्ये ठाऊक होते. आपण ते मान्य केले ते 2005 मध्ये, तेही कायद्याच्या कलमातून; आणि दुष्काळाच्या वर्षी ते आपल्या अजूनही पचनी पडत नाही.