सन 1952 मधील एक रविवार

जुबिलीच्या अंकासाठी इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी आपोआप पायाभरणी, वेदी, घंटा आणि एकामागून एक येऊन गेलेले धर्मगुरू यांच्याकडे वळते. आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र वाचकांची अनुज्ञा घेऊन निराळी वाट धरतो. वर्षांचा इतिहास न सांगता एकाच दिवसाचा सांगावा, असे आमच्या मनात आले आहे. तो दिवस म्हणजे 10 फेब्रुवारी 1952, रविवार. ही निवड सर्वस्वी सहजगत्या केलेली नाही; तिचे कारण पुढे येईल. मोठमोठ्या घडामोडींच्या तारखा पुस्तकांत सापडतात, परंतु त्या तारखेस माणसे सकाळी काय खाऊन निघाली, कशाची वाट पाहत होती आणि संध्याकाळी कशावर बोलत बसली, हे बहुधा कोणी लिहून ठेवीत नाही.

त्या सकाळी मिस्साला निघालेल्या कोणाही प्रौढ माणसाच्या पोटात, ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा असेल तर, काहीही नव्हते. मध्यरात्रीपासून अन्न तर नाहीच, परंतु पाण्याचा घोटही चालत नसे. संध्याकाळच्या मिस्साची सोय तेव्हा नव्हती; म्हणून सारी गर्दी पहाटेच्या व सकाळच्या मिस्सांना. पाणी प्यावयाची मोकळीक 1953 च्या जानेवारीत मिळाली, उपवास तीन तासांवर 1957 साली आला व एका तासावर 1964 साली. आज मिस्साच्या तासाभर अगोदर चहा पिऊन येणाऱ्या आमच्या तरुण वाचकांस हे सांगितले पाहिजे की, त्यांच्या आजीची मिस्सानंतरची चहाची पहिली वाटी ही आठवड्यातील मोठ्या सुखांपैकी एक होती.

मिस्सा लॅटिनमध्ये होई व धर्मगुरूंची पाठ लोकांकडे असे. त्या रविवारी त्यांच्या अंगावर जांभळा झगा होता, कारण त्या वर्षी ईस्टर 13 एप्रिलला येत होता आणि 10 फेब्रुवारीचा रविवार हा लॅटिन पंचांगातील सेप्तुआजेसिमा, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या उंबरठ्यावरचा पहिला रविवार होता. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत आलेलुया बंद. हा रविवार 1969 च्या नव्या पंचांगाने वगळला, त्यामुळे त्याचे नावही पुष्कळांस ठाऊक नसेल. त्या दिवसाचे शुभवर्तमान ठरलेले होते: द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला. पहाटे आलेल्यांस जी मजुरी, तीच दिवस मावळताना आलेल्यांस. मुंबईत दोन लाखांवर गिरणी कामगार असताना या दाखल्यावर उपदेश करणे सोपे नव्हते, असे आम्हांस वाटते. पहाटेपासून राबलेल्यांची कुरकुर ऐकणाऱ्यांच्या चांगल्याच ओळखीची असली पाहिजे.

राखेच्या बुधवारास अवघे सतरा दिवस उरले होते. प्रायश्चित्तकाळात लग्ने थाटामाटाने लागत नसत, म्हणून जानेवारीच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत लग्नसराईची एकच घाई. उपदेशापूर्वी लग्नाचे पुकारे वाचले जात, ते या दिवसांत लांबत. मांडव घालणाऱ्या घरांपुढे दोन अडचणी होत्या. पहिली धान्याची. मुंबईत 1943 साली रेशनिंग सुरू झाले, मध्यंतरी सैल झाले, पुन्हा आवळले व 1954 साली सुटले. 1952 च्या फेब्रुवारीत ते होतेच. देशात अन्नाचा तुटवडा इतका की, 1951 च्या जूनमध्ये अमेरिकेने गव्हासाठी 19 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. पाहुण्यांची संख्या मनाच्या मोठेपणावर नव्हे, तर शिधापत्रिकेवर ठरावयाची, हे लग्नघराला बोचणारच.

दुसरी अडचण दारूबंदीची. मुंबई राज्यात 6 एप्रिल 1950 पासून संपूर्ण दारूबंदी होती. वेदीवरील द्राक्षारसास कायद्याने वाट ठेवली होती; नवरानवरीचे अभीष्ट चिंतण्यासाठी उचलावयाच्या पेल्यास मात्र ती नव्हती. बंदीमागचा हेतू चांगला होता आणि व्यसनाने मोडलेली घरे आमच्याही समाजात होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या समाजात लग्नाचा एक विधीच पेल्यावाचून अडतो, त्या समाजातील साध्या सरळ माणसांवर शेजाऱ्याकडे चोरून बाटली मागण्याची पाळी आली आणि चोरधंदा करणाऱ्यांची मात्र चांदी झाली, हेही खरेच आहे.

असो. आता त्या दिवसाच्या बातम्यांकडे वळू. देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक 25 ऑक्टोबर 1951 रोजी सुरू झाली होती व ती 21 फेब्रुवारी 1952 पर्यंत चालली. मुंबई राज्याचे मतदान जानेवारीतच आटोपले होते. लोक निकालांवर अजून वाद घालीत होते. विशेषतः उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकर पराभूत व्हावेत व नारायण काजरोळकर निवडून यावेत, याचा अर्थ कोणी कसा लावी, कोणी कसा. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकावयाची. या लोखंडी पेट्या लाखोंच्या संख्येने विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यात घडल्या होत्या. वाचता येणारी माणसे देशात शंभरांत अठरा-एकोणीस. म्हणून ही युक्ती. उत्तरेकडील प्रांतांत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. निवडणूक अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. त्या वेळी हे कठोर वाटले असेल, पण आमच्या मते योग्यच झाले. द्राक्षमळ्याच्या धन्याने काय केले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.

परदेशची मोठी बातमी राजाच्या मृत्यूची. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज बुधवारी, 6 फेब्रुवारीला, सँड्रिंगहॅम येथे झोपेतच वारले. कन्या एलिझाबेथ त्या वेळी आफ्रिकेत केनियात होती; शुक्रवारी, 8 तारखेस, लंडनमध्ये तिच्या नावाची द्वाही फिरली. भारत प्रजासत्ताक होऊन दोनच वर्षे झाली होती. ज्याचे चित्र नाण्यांवर पाहत सगळे लहानाचे मोठे झाले, तो आता आपला राजा नव्हता. तरी राष्ट्रकुलाचा प्रमुख म्हणून त्याचा मान होता. दुःख किती करावे, याचे माप कोणापाशीच नव्हते. कोरियातील लढाई थांबविण्यासाठी पानमुंजोम येथे बोलणी चालूच होती आणि ती इतकी रेंगाळली होती की, त्या मथळ्याकडे फारसे कोणी पाहत नसावे.

करमणुकीत पहिले स्थान बोलपटाचे. डिसेंबर 1951 मध्ये आलेल्या राज कपूरच्या ‘आवारा’ची गाणी सर्वतोमुखी होती. पंधरवड्यापूर्वी, 24 जानेवारीस, मुंबईत देशातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता आणि त्यात इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’ व जपानचा ‘राशोमोन’ पाहून आपले दिग्दर्शक विचारात पडले होते. परंतु आमच्या वाचकांस अधिक जवळची गोष्ट ‘अलबेला’ची. हा 1951 चा बोलपट भगवान पालव यांचा. भगवानदादा एका गिरणी कामगाराचे पुत्र, संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे कारागिरी मराठी. आणि त्यातील तो नवा, पाय थिरकविणारा बाज कोठून आला? रामचंद्रांचे साहाय्यक होते गोव्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखे. ते आपल्या वाद्यवृंदासह त्या बोलपटात पडद्यावरही दिसतात.

हे एकटेच नव्हते. त्या काळच्या बोलपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजविणाऱ्यांत गोमंतकीय ख्रिस्ती लोकांचा भरणा होता. कारण साधे आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. उद्देश एवढाच की, सणाच्या मिस्साला गायन चांगले व्हावे. आपले संगीतकार चाल कानाने बांधीत. पण चाळीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवावयाचे, हे कागदावर उतरविणारी माणसे याच शाळांनी दिली. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, त्याची घडण कोणा एका गावच्या चर्चच्या माळ्यावर सुरू झाली होती?

आता ज्या कारणासाठी हा दिवस निवडला त्याकडे येतो. मद्रासेस चेपॉकच्या मैदानावर भारत व इंग्लंड यांचा पाचवा कसोटी सामना चालू होता. तो 6 तारखेस सुरू झाला. त्याच दिवशी राजाच्या मृत्यूची वार्ता आली, म्हणून विश्रांतीचा दिवस पुढे ओढून 7 तारखेस घेण्यात आला. भारत पहिला कसोटी सामना 1932 साली लॉर्ड्सवर खेळला, हा पंचविसावा. वीस वर्षांत एकही विजय नाही. आदल्याच सामन्यात, कानपूरला, हार झाली होती.

इंग्लंडचा पहिला डाव 266 धावांत संपला. विनू माँकड यांनी 55 धावांत आठ बळी घेतले आणि त्यांतील चार यष्टिरक्षक खोकन सेन यांनी यष्टिचीत केले. भारताने पंकज रॉय यांच्या 111 आणि पॉली उम्रीगर यांच्या नाबाद 130 धावांच्या बळावर 9 बाद 457 वर डाव सोडला. दुसऱ्या डावात माँकड व गुलाम अहमद यांनी प्रत्येकी चार गडी टिपले आणि रविवारी इंग्लंडचा डाव 183 वर आटोपला. भारत एक डाव व 8 धावांनी जिंकला. इंग्लंडचा संघ पूर्ण ताकदीचा नव्हता, हटन व कॉम्प्टन आलेच नव्हते, हे सांगितले पाहिजे. पण त्या संध्याकाळी हे कोणी सांगितले असते तर त्याची धडगत नव्हती.

विजयी संघाचे कर्णधार होते विजय हजारे. सांगलीचे, मराठी बोलणारे, ख्रिस्ती. ते आपल्या पंथाचे नव्हते, प्रॉटेस्टंट होते. परंतु ज्या गोष्टीकडे आम्ही बोट दाखवितो तिला पंथाची आडकाठी नाही. मुंबईत तोपर्यंत क्रिकेटचा मोठा सण म्हणजे पंचरंगी सामने: हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि 1937 पासून पाचवा संघ ‘दि रेस्ट’. दि रेस्ट म्हणजे बाकीचे. ख्रिस्ती व यहुदी यांस चार नावांपैकी एकही लागू पडत नव्हते, म्हणून त्यांची गणना बाकीत. गांधीजींनी 1940 साली या जातवार खेळाबद्दल नापसंती कळविली, तरी सामने आणखी काही वर्षे चालले व 1946 साली बंद झाले.

हजारे या ‘बाकीच्यां’तून खेळत. डिसेंबर 1943 मध्ये ब्रेबोर्न मैदानावर हिंदूंनी 5 बाद 581 केल्या, त्यांत विजय मर्चंटांच्या नाबाद 250. बाकीचे 133 वर कोसळले. दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले आणि संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्याने केल्या. धाकटे बंधू विवेक त्यांच्या साथीस होते. दोघांनी मिळून 300 धावा जोडल्या, त्यांत विवेकच्या 21. बाकीचे तरीही एक डाव व 61 धावांनी हरले. अंकगणितात बाकी म्हणजे भागाकार संपल्यावर उरते ते. आमच्या समाजातील पुष्कळांनी ते नाव हसत सोसले, पण सोसलेच.

आणि सव्वाआठ वर्षांनी मद्रासेस त्याच माणसाच्या हाताखाली मुश्ताक अली व गुलाम अहमद होते, पारशी उम्रीगर होते, हिंदू होते. त्यांतील कित्येक काही वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध त्या जातवार संघांतून उतरले होते. हजारे स्वभावाने मितभाषी. भाषणे करणाऱ्यांतले नव्हते. रेडिओ तेव्हा घरोघर नव्हता. ज्याच्याकडे असे त्याच्या ओट्यावर, नाही तर इराण्याच्या हॉटेलाच्या दाराशी लोक जमत. ऑल इंडिया रेडिओवरील वर्णन बहुधा इंग्रजीत असे. ज्यास ते समजे तो इतरांस मराठीत सांगे, आणि सांगताना दोनचार धावा पदरच्या घालीत असेल तर आम्ही त्यास दोष देत नाही.

हे सुख फार टिकले नाही. चारच महिन्यांनी, जूनमध्ये, लीड्स येथे भारताचे दुसऱ्या डावातील चार गडी शून्य धावांवर बाद झाले. कर्णधार हजारेच होते, आणि पडझड सावरण्यासाठी पुढे आले तेही तेच. 2004 च्या डिसेंबरात बडोद्यास त्यांचे निधन झाले. देशातील एक दिवसीय सामन्यांची स्पर्धा त्यांच्या नावाने चालते.

सोमवारी, 11 तारखेस, लुर्दच्या मातेचा सण होता. गिरण्यांचे भोंगे नेहमीप्रमाणे वाजले, विरारहून सुटलेल्या गाड्या भाजीवाल्यांनी व नोकरदारांनी भरल्या, आणि वर्तमानपत्रांत मद्रासच्या विजयाशेजारी राजाच्या शवपेटीची बातमी होती. ती त्या दिवशी सँड्रिंगहॅमहून लंडनला नेण्यात येत होती.