‘कारण’ नावाचा रकाना

आमच्या शहराला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. २०२३ पर्यंत कागदोपत्री ते औरंगाबाद होते. नाव बदलले, तरी छावणी ही छावणीच राहिली. निजामाचा पैसा आणि इंग्रज अंमलदारांची हुकमत अशी ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज एकोणिसाव्या शतकात येथे राहत असे. १८५७ साली तिच्यातल्या घोडेस्वारांनी बंड केले; ज्यांना देहदंड झाला, त्यांची आठवण क्रांती चौकातला काळा चबुतरा अजून देतो. १९०३ साली ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली.

या फौजेच्या सावलीत बन्ने मियाँ नावाचे एक फकीर होऊन गेले. घराणे शिपायांचे. हातात गांजाची चिलीम. नोकरीतल्या आणि संसारातल्या अडचणी घेऊन शिपाई त्यांच्याकडे येत. १९२१ साली ते वारले; त्यांच्या पुतण्याने त्यांच्या कथा उर्दूत लिहून ठेवल्या. शहाण्यांनी त्यांना गंजेडी म्हणावे आणि शिपायांनी त्यांचे पाय धरावेत, असा तो प्रकार होता. शिपायाला तेथे काय मिळत असेल, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. तो कसा पडला, ते सांगितले पाहिजे.

वीस वर्षांपूर्वी मी एका शाळेत नोकरीला होतो. तेथे रात्रीच्या राखणीला एक माजी सैनिक होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेत ते होते. दिवसा मुलांशी हसून बोलत. पण फटाका वाजला की जागच्या जागी खाली बसत. एकदा मला म्हणाले, “गुरुजी, डोळा लागला की तोच सुरुंगाचा रस्ता दिसतो. म्हणून राखणीचं काम मागून घेतलं. झोपायचंच नाही, मग भ्यायचं कशाला?” मी हसलो. एका पहाटे शाळेच्या मागच्या अंगाला ते चिलीम ओढताना सापडले. त्यांना काढावयाचे ठरले; आणि माझे अक्षर बरे म्हणून अहवाल मला लिहावयास सांगितला. कागदावर एक रकाना होता : कारण. मी लिहिले, ‘गांजाचे व्यसन’. मामा गावी निघून गेले. पुढे त्यांचा ठावठिकाणा लागला नाही.

मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. इतिहासाचा पंडित नव्हे. पण एका कादंबरीच्या निमित्ताने १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा अहवाल शब्दकोश उशाशी घेऊन वाचू लागलो. गांजाने माणसे वेडी होतात, वेड्यांची इस्पितळे त्यांनीच भरली आहेत, अशी ओरड विलायतेत झाली, म्हणून सरकारने हे कमिशन नेमले. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. ११९३ साक्षी झाल्या. देशी पलटणींकडूनही वेगळी उत्तरे मागवली गेली. कमिशनने इस्पितळांच्या नोंदवह्या उघडल्या. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी २२२ जणांपुढे ‘कारण’ म्हणून गांजा-भांग लिहिले होते. एकेकाची चौकशी केली, तेव्हा ९८ उरले. त्यांतही केवळ याच एका कारणाचे म्हणावेत असे ६१. बाकीच्यांचे काय? वेड्याला पकडून आणणाऱ्या पोलिसाने ऐकीव गोष्ट सांगितली आणि कारकुनाने ती रकान्यात उतरवली. रकाना रिकामा ठेवणे कोणालाच आवडत नाही!

ते पान वाचताना माझा हात थांबला. तो कारकून मीच होतो.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मी चिलमीची भलामण करीत नाही. गांजा औषध म्हणून आपल्याकडे जुनाच. वैद्यांनी भांगेला ‘विजया’ म्हटले. १८३९ साली कलकत्त्याच्या डॉक्टर ओशॉनेसी यांनी धनुर्वाताच्या झटक्यांवर तो देऊन पाहिला आणि विलायतेला त्याची ओळख करून दिली. लढाईने मनाला होणाऱ्या इजेला मात्र नाव मिळायला वेळ लागला. पहिल्या महायुद्धात तिला ‘शेलशॉक’ म्हटले गेले. आजचे वैद्यकीय नाव अमेरिकेत व्हिएतनामच्या लढाईनंतर, १९८० साली रूढ झाले. कॅनडाचे सरकार आपल्या माजी सैनिकांना औषधी गांजाचा खर्च देते. २०१६ साली त्याला दिवसाला ३ ग्रॅमची मर्यादा घातली. परंतु अमेरिकेत माजी सैनिकांवर रीतसर प्रयोग झाला आणि २०२१ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले, तेव्हा असे दिसले की गांजा ओढणारे सुधारले, तसे औषधी द्रव्य काढून टाकलेला पाला ओढणारेही सुधारले. दोहोंत ठळक फरक नव्हता. २०२३ च्या तेथील सरकारी वैद्यकीय सूचनांनी या आजारासाठी गांजा देऊ नये असेच म्हटले; आठवणींना धीराने सामोरे नेणारे, बोलण्यातून होणारे उपचार आधी करावेत, असा त्यांचा सल्ला आहे.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा गुन्ह्यात गेला, नुसती पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. म्हणून होळीची भांग हा सण आणि मामांची चिलीम हा अपराध. कायदा मोडला, हे खरेच. पण मी तो अपराध लिहिला, आजार लिहिला नाही. पाला ओढणाऱ्यांनाही बरे वाटले, याचे कारण विद्वान शोधतील, मला आपले वाटते की, कोणीतरी समोर बसून “झोप लागते का?” असे विचारीत होते, त्याचाही त्यात वाटा असावा. बन्ने मियाँकडे जाणाऱ्या शिपायालाही कदाचित तेवढेच हवे असेल.

मामांनी मला आपण होऊन सांगितले होते आणि मी हसलो होतो. तो कागद आता माझ्या हाती नाही. असता तरी जुन्या शाईवर नवी शाई चालत नाही. म्हणून येथे दुरुस्ती करून ठेवतो. कारण : विचारले नाही.