कर्त्याचे नाव

अड्यारला केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या आवारात ‘ट्रिपल हेलिक्स’ नावाचे सभागृह आहे. चेन्नईत नवी असताना तिथे एका कार्यक्रमाला गेले होते. सभागृहाला पुढाऱ्याचे नाही, दात्याचे नाही, चक्क एका रेणूच्या आकाराचे नाव, याची गंमत वाटली. तो आकार कोलॅजनचा. कातडीत, हाडांत, स्नायुबंधांत असणाऱ्या या प्रथिनाची तीन पेडांची वेणी असते, हे याच शहरात उलगडले.

जी. एन. रामचंद्रन 1952 मध्ये मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. भेटीला आलेले जे. डी. बर्नाल बोलता बोलता सांगून गेले, की कोलॅजनची रचना अजून कुणाला नीट सुटलेली नाही. कोलॅजन मिळाले जवळच्याच चर्मसंस्थेतून. 1954 मध्ये ‘नेचर’मध्ये टिपण आले, त्यावर दोन नावे: रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता. (हे मल्याळी आडनाव; शब्द मात्र आपल्या व्याकरणातलाच.) या वेणीला ‘मद्रास हेलिक्स’ही म्हणतात. 1996 मध्ये शहराने नाव बदलले, वेणीने नाही.

पुढे क्रिक आणि रिच यांनी आक्षेप घेतला, की या रचनेत काही अणू फारच जवळ आले आहेत. मग मुळात अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? या प्रश्नातून 1963 चा पाच पानी लेख निघाला. ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त छापलेल्या या लेखावर तीन नावे आहेत: रामचंद्रन, सी. रामकृष्णन, व्ही. शशिशेखरन. संगणक हाताशी नसताना, टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रावर कोनामागून कोन तपासून प्रथिनाची साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, याचा नकाशा त्यांनी काढला. आज जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून असतो. उरलेले दोघे ‘आणि इतर’ झाले.

हा अन्याय आहे, असे मी सरसकट म्हणणार नाही. प्रश्नामागची ओढ रामचंद्रन यांची होती, प्रयोगशाळा त्यांनी उभी केली होती. पण प्रसिद्ध स्फटिकरचनांमधली अंतरे कुणी चाळली, आकडे कुणी घोटले, हे नावांच्या त्या ओळीवरून कळत नाही. नावांचा क्रम फार तर कुजबुजतो. 1965 च्या पुढच्या लेखात रामकृष्णन यांचे नाव आधी आहे, रामचंद्रन यांचे नंतर. 1967 मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत रायबोन्यूक्लिएजची रचना सुटली, तेव्हा त्या लेखावर पहिले नाव कर्ता यांचे होते.

आणखी एक. ‘रामचंद्रन’ हे आडनाव नव्हेच. गोपालसमुद्रम हे गाव, नारायण हे वडील, रामचंद्रन हे त्यांचे स्वतःचे नाव. एखाद्या सिद्धांताला आपण ‘सदाशिवचा सिद्धांत’ म्हणावे, तसे झाले आहे. मला ते आवडते.

आता अनेक नियतकालिके लेखकांकडून ‘क्रेडिट’ नावाची यादी भरून घेतात: संकल्पना, पद्धती, विश्लेषण, पहिला खर्डा, देखरेख, निधी, अशा चौदा भूमिका. 2022 मध्ये अमेरिकेत तिला अधिकृत प्रमाणाचा दर्जा मिळाला. यादी चांगली आहे. पण बर्नाल यांचे ते जाता जाता टाकलेले वाक्य कुठल्या खान्यात बसवायचे?

मला हे सुचते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एक तमिळ कादंबरी मराठीत आणली. माझे तमिळ वाचण्यापुरते. बोलीतल्या संवादांशी अडखळणारे. खालच्या मजल्यावरच्या मामींनी अकरा महिने दुपारी माझ्यासोबत ते पुस्तक ओळीओळीने वाचले. कुठला टोमणा, कुठली माया, कुठे नुसतीच सवय, हे त्यांनी सांगितले. मुखपृष्ठावर माझे एकटीचे नाव आले. मामी ऋणनिर्देशात, टंकलेखक आणि घरच्या मंडळींच्या मध्ये. कुणी मला तसे करायला सांगितले नव्हते. मीच लिहिले होते.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशक विचारतात, मामींच्या नावापुढे काय छापायचे? सहअनुवादक म्हणावे, तर त्यांना मराठी येत नाही. भाषासाहाय्य म्हणावे, तर ते शब्दकोशाचे काम वाटते.

मामींना विचारले, तर भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “एनक्कु एदुक्कु पेरु?” मला कशाला नाव? हे वाक्य मी सहज मराठीत आणू शकते. ते खरेच नको असणे आहे की रीत म्हणून म्हणणे, हे मात्र मला मामींनाच विचारावे लागेल. प्रुफे सोमवारी परत द्यायची आहेत.