एकच माउथ ऑर्गन, सहा थाट : 'सी' पट्टीवर मायनर स्केल कसं वाजवायचं?

हौसेनं माउथ ऑर्गन घेतला. वाढदिवसाचं गाणं दोन दिवसांत बसलं. मग एखादं उदास, हळवं गाणं वाजवायला घेतलं आणि गाडी अडली. सूर जवळपास लागतो, पण गाण्यातला नेमका तो हळवा सूर सापडतच नाही. अनेकांना वाटतं की बाजाच खराब आहे, किंवा आपल्याला कान नाही. काही जण दुकानात जाऊन 'मायनरवाला' मागतात, बाकीच्यांचा माउथ ऑर्गन कपाटात जातो.

खरं तर तो हळवा सूर त्याच बाजात असतो. फक्त आपण 'सा' चुकीच्या जागी धरलेला असतो.

पेटीवाल्याला जमतं, मग आपल्याला का नाही?

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला लागून वारूळवाडी आहे. हा सगळा पट्टा तमाशाचा. विठाबाई नारायणगावकरांचं नाव ज्या गावाशी जोडलेलं आहे, ते हेच नारायणगाव. फडाची पेटी असो की देवळातल्या भजनाची, गाणारा बदलला की पेटीवाला पट्टी बदलतो. कुणाला काळी एक लागते, कुणाला पांढरी चार, तर बाईंना काळी चार किंवा पाच. 'सा' कुठेही नेला तरी चाल तीच राहते, कारण पेटीत पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये काळ्या पट्ट्या आहेत. लागेल तो कोमल सूर हाताशी असतो.

साध्या दहा भोकांच्या माउथ ऑर्गनला काळ्या पट्ट्याच नसतात. 'सी'चा माउथ ऑर्गन म्हणजे पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या. त्यामुळे इथे 'सा' सरकवला की पट्टीबरोबर थाटही बदलतो. नवशिक्याची अडचण इथेच आहे आणि तिच्यावरचा उपायही इथेच आहे.

मोड म्हणजे काय?

सूर तेच सात ठेवायचे आणि 'सा' मात्र वेगळ्या सुरावर मानायचा. सुरांमधली अंतरं बदलतात, म्हणून भाव बदलतो. पाश्चात्त्य संगीतात याला मोड म्हणतात. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रातली मूर्च्छनेची कल्पना याच जातीची.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) मुंबईतल्या वाळकेश्वरचे. त्यांनी हिंदुस्तानी रागांची मांडणी दहा थाटांत केली आणि त्यावरचा 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्या दहापैकी सहा थाट फक्त 'सा' सरकवून पांढऱ्या पट्ट्यांवर मिळतात :

- पांढरी एक (सी) : बिलावल, म्हणजे आयोनियन किंवा मेजर
- पांढरी दोन (डी) : काफी, म्हणजे डोरियन
- पांढरी तीन (ई) : भैरवी, म्हणजे फ्रिजियन
- पांढरी चार (एफ) : कल्याण, म्हणजे लिडियन
- पांढरी पाच (जी) : खमाज, म्हणजे मिक्सोलिडियन
- पांढरी सहा (ए) : आसावरी, म्हणजे एओलियन किंवा नॅचरल मायनर

पांढरी सातवर शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून तिथे थाट होत नाही. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे उरलेले चार थाट या युक्तीनं निघत नाहीत.

यांतले काफी, आसावरी आणि भैरवी हे तीन मायनर घराण्यातले, कारण तिन्हींत गंधार कोमल आहे. सुरुवातीला शोधूनही न सापडणारा सूर बहुतेक वेळा हाच असतो.

कोणतं भोक, फुंकायचं की ओढायचं?

खालचे आकडे दहा भोकांच्या 'सी' डायटॉनिक माउथ ऑर्गनचे आहेत. साधा आकडा म्हणजे फुंकायचं, आकड्याआधी वजा म्हणजे श्वास ओढायचा.

- बिलावल : ४, -४, ५, -५, ६, -६, -७, ७
- काफी : -४, ५, -५, ६, -६, -७, ७, -८
- भैरवी : ५, -५, ६, -६, -७, ७, -८, ८
- आसावरी : -६, -७, ७, -८, ८, -९, ९, -१०

सहाव्या भोकापर्यंत ओढलेला सूर फुंकलेल्या सुरापेक्षा वरचा असतो. सातव्यापासून उलटं होतं. म्हणूनच -६ नंतर लगेच -७ येतो आणि दोनदा ओढावं लागतं. बहुतेकांची लय इथेच तुटते. एवढ्या तीन सुरांचा (-६, -७, ७) वेगळा रियाज करा.

बाजारात मिळणाऱ्या चोवीस भोकांच्या ट्रेमोलोवर भोकांचे क्रमांक वेगळे असतात. तत्त्व मात्र तेच. आधी त्यावर 'सी'चा सा शोधा आणि तिथून एक-एक सूर मोजत जा.

पोझिशनचं कोडं

इंग्रजी व्हिडिओंमध्ये 'थर्ड पोझिशन', 'फोर्थ पोझिशन' असे शब्द येतात. हिशेब पंचमाचा आहे. 'सी' ही पहिली पोझिशन. तिचा पंचम 'जी' ही दुसरी. 'जी'चा पंचम 'डी' ही तिसरी, मग 'ए' चौथी आणि 'ई' पाचवी. म्हणजे काफी तिसऱ्या, आसावरी चौथ्या आणि भैरवी पाचव्या पोझिशनमध्ये.

सुरुवात काफीपासून का?

माउथ ऑर्गनवर दोन-तीन भोकं एकदम वाजली की आपोआप कॉर्ड तयार होतो. ४, ५, ६ एकत्र फुंकली की सी मेजर. तीच भोकं ओढली की डी, एफ, ए, म्हणजे चक्क डी मायनर. काफीचा 'सा' -४ वर आहे, त्यामुळे शेजारचं भोक चुकून वाजलं तरी भाव मायनरच राहतो.

भैरवीत असं नाही. तिचा सा ५ वर आहे. फुंकताना शेजारचं ४ लागलं की 'सी' ऐकू येतो आणि कान परत मेजरकडे ओढला जातो. आसावरीत -६ बरोबर -५ लागला तरी तोच घोटाळा, ए आणि एफ मिळून मेजरचा भास होतो. म्हणून या दोन थाटांसाठी ओठ आवळून एकच भोक वाजवणं आधी जमायला हवं.

कानाला 'सा' पटवायचा कसा?

नुसती सरगम वर-खाली वाजवून भागत नाही. आपला कान सवयीनं 'सी'लाच सा मानतो. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, काफीसाठी पांढरी दोन निवडा आणि प्रत्येक ओळ -४ किंवा -८ वर आणून थांबवा. तानपुरा चालू असताना तोच गंधार एकदम कोमल वाटायला लागतो. आसावरीला पांढरी सहा, भैरवीला पांढरी तीन.

एक गोष्ट लक्षात ठेवा. थाट म्हणजे राग नव्हे, ती फक्त सुरांची यादी. मैफलीच्या शेवटी गायली जाणारी भैरवी चार कोमल सुरांपुरती राहत नाही, गायक तिच्यात इतरही सूर मिसळतात. ते सगळे या बाजावर मिळणार नाहीत.

हार्मोनिक मायनर हवं असेल तर?

आसावरीतला निषाद शुद्ध केला की हार्मोनिक मायनर होतं, म्हणजेच कीरवाणीचे सूर. 'ए'च्या कीरवाणीसाठी जी शार्प लागतो आणि तो पांढऱ्या पट्ट्यांत नाही. यावर तीन उपाय आहेत :

- बेंड : -६ ओढताना जीभ मागे-खाली घेऊन हवेची वाट बदलली की सूर अर्धा उतरतो आणि सा च्या खालचा शुद्ध निषाद मिळतो. वरच्या सप्तकात ९ आणि -१० च्या मध्ये मात्र तो बेंडनं मिळत नाही. हे तंत्र दहा भोकांच्या डायटॉनिकसाठी आहे, ट्रेमोलोवर ते नीट जमत नाही.
- क्रोमॅटिक माउथ ऑर्गन : बाजूचं बटण दाबलं की सूर अर्ध्यानं चढतो. म्हणजे काळ्या पट्ट्या मिळाल्याच.
- मायनर ट्यूनिंगचा बाजा : ली ऑस्कर कंपनी नॅचरल मायनर आणि हार्मोनिक मायनर अशा दोन्ही रचना बनवते.

आधी काय करायचं?

नवा बाजा घेण्याची घाई करू नका. पहिले काही दिवस फक्त काफीची सरगम, तानपुऱ्यासह, सावकाश. ती न अडखळता आली की ओळखीचं एखादं कोमल गंधाराचं गाणं -४ ला सा धरून शोधा. गाण्यात शुद्ध धैवताच्या जागी कोमल लागतोय असं वाटलं तर तेच गाणं -६ वरून वाजवून बघा, ते आसावरीचं असेल. रिषभही कोमल निघाला तर ५ वरून सुरू करा. या तीन जागा तपासूनही गाणं बसलं नाही, तर मग क्रोमॅटिकच्या किमती बघायला हरकत नाही.